आईचं क्रोटन

घर घेताना माणूस काय काय बघतो? स्टेशन किती लांब, शाळा कशी, बॉयलर किती जुना. आम्ही २०१७ साली इथे रेडिंगला घर घेतलं तेव्हा हे सगळं बघितलं. एक्सेल शीट केली होती, चोवीस कॉलमची. (हसू नका, व्यवसायाचा दोष आहे.) फक्त मागची बाग कुठल्या दिशेला आहे हा पंचविसावा कॉलम तेवढा राहून गेला.

बाग उत्तरेला आहे. ठाण्यात वाढलेल्या माणसाला यात काही वावगं वाटत नाही, उलट बरंच की, ऊन लागणार नाही! पण रेडिंग ५१ अंश अक्षांशावर. डिसेंबरात भर दुपारी बारा वाजता सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर असतो. आता घराची उंची आठ मीटर धरा आणि शाळेतलं त्रिकोणमितीचं पुस्तक आठवा. सावली पडते तीस मीटर. बाग बारा मीटरची. म्हणजे ऑक्टोबर ते फेब्रुवारी आमच्या बागेला सूर्य दिसत नाही, विषय संपला. उन्हाळ्यात सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा तिरपं ऊन येतं, त्यात गुलाब वगैरे लावायची स्वप्नं आम्ही दोन वर्षं पाहिली आणि सोडून दिली. गवताच्या जागी शेवाळ आलं. बायको म्हणाली, यालाच लॉन म्हणू या, हिरवं तर आहे.

मग २०१८ च्या मे महिन्यात आई आली. बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती आणि ठाण्याच्या घरातून तिला बाहेर काढायला आम्हाला तेवढा वेळ लागला. सहा महिन्यांचा व्हिसा. पहिल्या आठवड्यातच तिला गार्डन सेंटरला घेऊन गेलो, कारण इथे विकांताला म्हातारी माणसं तिथेच जातात. (केक चांगला मिळतो.) सावलीत लावायच्या झाडांच्या रांगेत आई एकदम थांबली. "अरे, हे तर आपलं क्रोटन!"

क्रोटन नव्हतं ते. गडद हिरव्या, चकचकीत पानांवर कुणी पिवळा रंग शिंपडावा तसे ठिपके. पाटीवर नाव होतं ऑक्युबा जॅपोनिका. पण आईच्या ठाण्याच्या बाल्कनीत क्रोटनची चार कुंड्या होत्या आणि तिच्या डोळ्यांना ते क्रोटनच दिसलं. चूकही नाही म्हणा, याच्या एका जातीचं नावच क्रोटोनिफोलिया आहे, क्रोटनसारख्या पानांचं. झुडूप बारमाही हिरवं, थंडी सोसतं, आणि मुख्य म्हणजे सावलीत वाढतं. त्या दिवशी ते आणि त्याच्यासोबत युओनिमसची दोन रोपं (पानांना पांढरी किनार, एमराल्ड गेइटी नावाची) घेऊन आलो. आईने स्वतः खड्डा खणला. नोव्हेंबरात ती परत गेली.

एमराल्ड गेइटीने पुढच्याच वर्षी एक गंमत केली. पांढऱ्या किनारीच्या झुडपातून एक निखळ हिरवी फांदी वर आली आणि बाकीच्यांच्या दुप्पट वेगाने वाढू लागली. याला बागकामात 'रिव्हर्ट' होणं म्हणतात! पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, तो भाग अन्न तयार करत नाही, हिरव्या भागाच्या कमाईवर जगतो. अख्खी हिरवी फांदी अर्थातच जास्त कमावते, जोमाने वाढते, आणि तशीच सोडली तर काही वर्षांत सगळं झुडूप हिरवं होऊन जातं. म्हणून दिसली की मुळाशी कापायची. मी व्हिडिओ कॉलवर हे सगळं आईला समजावून सांगत कात्री उचलली.

"थांब. जी फांदी सगळ्यात चांगली वाढलीय तीच कापतोस?"

"अगं, नाहीतर पांढरी पानं जातील."

"म्हणजे कमावणाऱ्याला कापायचं आणि नटव्यांना ठेवायचं. छान आहे तुमचं बागकाम."

कॉल संपल्यावर कापली. तिला सांगितलं नाही.

तर सांगायचा मुद्दा ऑक्युबाचा. २०२० चा फेब्रुवारी आठवतो का इथल्या लोकांना? नोंदी ठेवायला लागल्यापासूनचा ब्रिटनमधला सर्वांत ओला फेब्रुवारी. त्यात आमच्या झाडाची कोवळी शेंडे-पानं काळी पडू लागली. भाजल्यासारखी. मला वाटलं थंडीने झालं, मग वाटलं खत कमी पडलं, म्हणून पाण्यात मिसळून खत घातलं. (कारण न शोधता सर्व्हर रीस्टार्ट करणारा मनुष्य दुसरं काय करणार.) आणखी काळं झालं. मार्चमध्ये लॉकडाउन आला. गार्डन सेंटर बंद, विमानं बंद, आई ठाण्यात एकटी. कामवाल्या बाई येत नव्हत्या, सोसायटीच्या गेटवरून दूध उचलायचं. रोज दोन वेळा कॉल. आणि रोज ती विचारायची, क्रोटन कसं आहे? मी कॅमेरा चांगल्या बाजूला फिरवून दाखवायचो.

शेजारी एक निवृत्त आजोबा राहतात. त्यांनी कुंपणावरून पाहिलं आणि म्हणाले, पानांकडे बघू नका, मुळांकडे बघा. आमची माती चिकण. आईने खणलेला खड्डा म्हणजे त्या मातीतला वाडगाच झाला होता, पावसाचं पाणी आत साचून मुळं कुजत होती, आणि वरून मी पाणी घालत होतो. मग एका शनिवारी झाड उपटलं, कुजकी मुळं छाटली, जाड खडी आणि कुजलेल्या पानांचं खत घालून जमिनीपेक्षा वीतभर उंच वाफा केला आणि त्यात पुन्हा लावलं. काळ्या फांद्या निरोगी लाकडापर्यंत कापल्या. उरले ते चार खुंट. त्या दिवशी आईला दाखवायचं धाडस झालं नाही. जूनमध्ये खुंटांना ठिपकेदार कोंब फुटले तेव्हा मी हापिसच्या मीटिंगमधून उठून बागेत जाऊन आलो, हे मॅनेजरला अजून माहीत नाही. :-)

आईला खरं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मला माहीत होतं. तू रोज एकच बाजू दाखवत होतास."

मधल्या काळात तिच्या बाल्कनीसमोर टॉवर उभा राहिला. खरं क्रोटन ते, त्याला भरपूर उजेड लागतो, उजेड कमी झाला की लाल-पिवळा रंग जातो आणि पानं हिरवी होतात. चारही कुंड्या हिरव्या झाल्या. "तुझं सावलीतलं क्रोटन इकडे पाठव," ती म्हणायची. ते ठाण्याच्या उकाड्यात टिकणार नाही. २०२३ मध्ये गेलो तेव्हा नर्सरीतून तिला साँग ऑफ इंडिया आणून दिलं, पिवळ्या किनारीचं, बाल्कनीतल्या अर्धवट उजेडात निभावतं. (नाव इंडियाचं, मूळ मादागास्कर-मॉरिशसकडचं.) तिला ते फारसं आवडलेलं नाही.

तिला इथे कायमचं आणावं असं आम्हाला वाटतं, पण २०१२ च्या जुलैपासून इथले नियम असे आहेत की आई-वडिलांना रोजच्या कामांत दीर्घकाळ दुसऱ्याची मदत लागत असेल आणि ती मदत भारतात मिळणं अशक्य आहे हे सिद्ध झालं तरच व्हिसा. आई स्वतः भाजी आणते. म्हणजे ती धडधाकट आहे तोवर येऊ शकत नाही. आणि आता गुडघ्यांमुळे सहा महिन्यांसाठीसुद्धा प्रवास नको म्हणते. आम्ही परत जायचं का, हा विषय दर दिवाळीला निघतो आणि मुलीच्या शाळेपाशी येऊन थांबतो. असो.

इथे थोडा इतिहास, कारण आईने एकदा विचारलं, याला फळं का येत नाहीत? वाचायला बसलो. ऑक्युबात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. १७८३ मध्ये ब्रिटनमध्ये आलं ते ठिपक्यांचं मादी झाड. त्याच्याच फांद्या लावून लावून ते देशभर पसरलं, लंडनच्या धुरातही टिकलं, पण फळ म्हणून नाही. जवळजवळ ऐंशी वर्षं! मग १८६१ च्या सुमारास रॉबर्ट फॉर्च्यूनने जपानमधून नर झाड आणलं आणि इंग्रजांना पहिल्यांदा त्याची लाल फळं दिसली. हा फॉर्च्यून म्हणजे तोच, ज्याने ईस्ट इंडिया कंपनीसाठी चीनमधून चहाची रोपं हिमालयात आणली. आमच्या युओनिमसचं पूर्ण नावही त्याच्यावरूनच आहे, युओनिमस फॉर्च्युनाय. सकाळचा चहा, कुंपणाजवळची झुडपं, सगळीकडे हा बाबा.

तर मी गोल्डन किंग नावाचं नर झाड आणून शेजारी लावलं. छाटलेलं झाड फुलायला वेळ घेतं. अखेर गेल्या एप्रिलमध्ये दोन्हींना एकाच वेळी बारीक जांभळट फुलं आली, आणि डिसेंबरात, सूर्य न दिसणाऱ्या त्या बागेत, अकरा लाल फळं. मोजली आहेत.

कॉलवर आई बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "आत बी असते ना? लाव."

म्हटलं, प्रत्येकात एकच असते, उगवायला महिनोन्‌महिने लागतात, आणि बियांतून ठिपक्यांचंच झाड येईल याची खात्री नाही. साधं हिरवंही येईल.

"येऊ दे हिरवं," ती म्हणाली. "पण मग ते कापू नकोस."

दोन फळांचा गर काढून बिया लावल्या आहेत. कुंडी स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर आहे. अजून काही नाही.