मुलुंड काही परदेश नाही

घाटकोपर

चि. सायलीस,


काल वहिनीचा फोन आला. मुलगा आवडला, पण 'मुलुंडला राहतो, बोरिवलीहून लाँग डिस्टन्स होईल' म्हणून तू नाही म्हणालीस! ऐकलं आणि भाजीखालचा गॅस बंद करून कागद घेतला. फोनवर तू नुसती 'हो आत्या, हो आत्या' करतेस.

मध्ये नॅशनल पार्क आडवा आहे, मान्य. दादरला गाडी बदला, नाहीतर अंधेरीहून मेट्रोने घाटकोपर गाठा. पण ही मेट्रो आली 2014 साली. आमच्या वेळी तुझे काका 340 नंबरच्या बसला लोंबकळत, साकीनाक्याची कोंडी सोसत अंधेरीला यायचे. आता तर गोरेगाव-मुलुंड रस्त्यासाठी पार्काखालून बोगदे काढतायत. तुझी तक्रार तोवर टिकेल का?

तुझे आजोबा लालबागला गिरणीत, आजी कणकवलीकडे. आलेलं पत्र पोस्टमन अंगणात मोठ्यानं वाचायचा. सासूसमोर वाचलं जाणार त्या पत्रात नवरा लिहिणार काय? भाताची चौकशी! त्यात थोर काही नव्हतं, आजी चरफडायचीच.

आणि आनंदीबाई जोशी? 1883 साली अठराव्या वर्षी अमेरिकेला गेली, 1886 साली डॉक्टर झाली. त्या काळातली नवऱ्याची, गोपाळरावांची, पत्रं गोड नव्हती हो. घरात हात उगारायचे, ती समुद्रापलीकडे गेली तर पत्रातून टोचायचे. लांब गेला म्हणून माणूस बदलत नाही गं, होता तसाच कळतो. तुम्ही मुलं किलोमीटर मोजता, स्वभाव कोण मोजणार?

अंधेरीच्या प्रकरणाबद्दल मी बोलणार नव्हते. पण तो तर तुझ्याच लाइनवरचा होता ना? दिवसभर फोनवर तुझं लोकेशन बघायचा, कांदिवलीला का उतरलीस म्हणून जाब विचारायचा. ते लोकेशन बंद केलंस की नाही अजून? नसेल तर हे पत्र बाजूला ठेव आणि आधी ते कर. रात्री झोपत नाहीस, असं वहिनी म्हणाली. मुलुंड राहू दे, मला त्याचीच काळजी लागून राहिलीय. खरं कारण तेच असेल तर आईला तसं सांग, ती समजून घेईल.

मुलुंडच्याला हो म्हण, असा माझा आग्रह नाही. नकार द्यायचा तर त्याला एकदा भेटून दे, रेल्वेच्या नकाशावर ढकलू नकोस. आणि रविवारी जेवायला ये. मेगाब्लॉक बघून नीघ.

तुझी,
आत्या