वीत, काटी आणि मीटर

सिंगापूरच्या पश्चिम टोकाला तुआस नावाचा भाग आहे. एके काळी तेथे कोळ्यांची वस्ती होती. पुढे समुद्रात भर घालून जमीन वाढविण्यात आली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये तेथील विशाल बंदराचे औपचारिक उद्घाटन झाले. सिंगापूरने १९७० नंतरच्या दशकात काटी, पौंड व यार्ड मागे टाकून मीटर-किलोग्रॅमचा अंगीकार केला. तथापि या बंदरातील मालाच्या पेट्या आजही २० फुटांच्या एककानेच मोजल्या जातात. ४० फुटी पेटी म्हणजे अशा दोन. शाळेत मीटर शिकणाऱ्या मुलाने हे पाहून "फूट अजून कशाला?" असे विचारले, तर मापनाचे मर्म त्याच्या हाती लागले असे समजावे. माप आकाशातून पडत नाही. माणसे ते आपसांत ठरवितात. जगातील बंदरांचे व जहाजांचे २० फुटांवर एकमत झाले आहे, म्हणून ते माप तेथे चालते.

प्राथमिक वर्गात नेमकी हीच गोष्ट पुष्कळदा राहून जाते. १०० सेंटिमीटर म्हणजे १ मीटर, हे कोष्टक मूल बिनचूक म्हणते. पण समोरची भिंत किती लांब असेल, असे विचारताच गोंधळते. म्हणून चतुर शिक्षक आधी वितीने बाक मोजावयास लावतो. एकाच्या ७ विती भरतात, दुसऱ्याच्या ८, आणि गुरुजींच्या अवघ्या ५. वर्गात वाद माजतो. त्या वादातूनच सर्वांना मान्य अशा एका मापाची गरज मुलांना आपोआप पटते. मग पट्टी हाती आली की ती परकी वाटत नाही.

आजीची मापेही वर्गात अवश्य यावीत. २ चिपटी म्हणजे १ मापटे, २ मापटी म्हणजे १ शेर, ४ शेरांची पायली, १६ पायल्यांचा मण. येथवर सारा हिशोब दुपटीने चढतो. कारण धान्याच्या राशीचे दोन सारखे भाग नजरेने करता येतात, दहा करता येत नाहीत. सिंगापूरच्या बाजारातही १६ ताहिलांची १ काटी, म्हणजे सुमारे ६०० ग्रॅम, होत असे. भारतात ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने येऊ लागली. दशमान पद्धतीने व्यवहार सुलभ झाला हे खरे. परंतु जुनी मापे अडाण्यांची होती, असे मात्र मुलांना कधी वाटू देऊ नये.

करारावर सातासमुद्रापार गेलेल्या मजुरांच्या वंशजांना या विद्येचे मोल निराळे सांगावयास नको. मॉरिशसच्या ऊसमळ्यांवर एकोणिसाव्या शतकात एका दिवसाच्या गैरहजेरीबद्दल दोन दिवसांची मजुरी कापली जाई. कापणाऱ्याच्या गणितात एकाचे दोन होत. आणि वही त्याच्याच हाती असल्यामुळे मजुराचा हिशोब कोणी विचारीत नसे. ज्याला मोजता येते त्याला निदान अन्याय किती झाला हे तरी सांगता येते.

यास्तव घरोघरच्या आईबापांनी एवढे करावे: कोष्टकाआधी मुलाच्या हाती दोरी, तराजू आणि तांदळाचे माप द्यावे. अंदाज त्याला आधी सांगू द्यावा, मग मोजू द्यावे. आणि दुकानात काट्यावर वजन होत असता त्याला तेथे उभे करावे. डोळे काट्याकडे ठेवण्याची सवय एकदा लागली की ती जन्मभर पुरते.