खिशातलं कोंदण

"मी चाकू जमवतो" असं एखाद्या मराठी माणसाला सांगून बघा. समोरच्याच्या चेहऱ्यावर दोनपैकी एक भाव हमखास येतो. एक म्हणजे "हा बरा आहे ना?" आणि दुसरा म्हणजे "रामपुरी का?" पेनं जमवा, घड्याळं जमवा, लेन्सवर लाखभर घालवा, कोणी काही बोलत नाही. घडीचा चाकू म्हटला की मात्र हिंदी सिनेमातला व्हिलन आठवतो. आपल्या घराघरात विळीसारखं जबरदस्त पातं बसलेलं असतं, तिच्याकडे कोणी संशयाने बघत नाही. असो.

मी राहतो पोर्टलंडजवळ. हा भाग म्हणजे चाकूवाल्यांची पंढरीच. लेदरमन पोर्टलंडचं, बेंचमेड ऑरेगॉन सिटीचं, कर्शॉ टुआलाटिनचं. तासभर गाडी हाकली की मॅकमिनव्हिल, तिथे विल्यम हेन्री. इथे ऑफिसात कुरिअरचं खोकं आलं की चार जण खिशात हात घालतात. मलाही असंच लागलं हे वेड. आधी वीस डॉलरचा, मग साठचा, मग... पुढचे आकडे बायको हे वाचते म्हणून गाळतो.

आज माझ्याकडे मोजून तीन आहेत. पैकी ज्याच्याबद्दल लिहायचंय तो म्हणजे ख्रिस रीव्हचा सेबेन्झा २१. रीव्ह मूळचा दक्षिण आफ्रिकेचा, १९८९ मध्ये आयडाहोतल्या बॉयझीला आला. सेबेन्झा त्याच्या दोन वर्षं आधीचा, १९८७ चा. झुलू भाषेत ह्या शब्दाचा अर्थ 'काम'. टायटॅनियमची मूठ, आणि त्या मुठीचाच एक भाग पट्टीसारखा कापून केलेलं लॉक. पातं उघडलं की ती पट्टी आपोआप पात्यामागे सरकून बसते. वेगळी स्प्रिंग नाही, वेगळा खटका नाही. आज हा प्रकार शंभर कंपन्या करतात, सुरुवात ह्याने केली.

साधा सेबेन्झा करडा, एखाद्या स्पॅनरसारखा दिसतो. माझ्या चाकूच्या मुठीत मात्र लाकूड बसवलंय. बॉक्स एल्डर नावाच्या झाडाच्या गाठीचं. मेपलच्याच घरातलं झाड. पिवळट लाकडात मधूनच लाल रेघा, जणू कोणी कुंकू सांडलंय. हा लाल रंग म्हणजे झाडाला जखम झाली की ते आत जे काही करतं त्याची खूण. निरोगी बॉक्स एल्डर कापलंत तर फिकं, कंटाळवाणं लाकूड मिळतं.

ह्या असल्या जडावाला मी मनातल्या मनात 'कोंदण' म्हणतो. सोनार हिऱ्यासाठी करतो तेच. एका वस्तूत दुसरीसाठी जागा करायची आणि ती तिथे अशी बसवायची की मुळात तिथलीच वाटावी. आपल्याकडे ही कला जुनी आहे. उदयपूरकडचं कोफ्तगरी काम बघा. पोलादावर आडव्या-उभ्या बारीक रेघा ओढून पृष्ठभाग खरखरीत करतात आणि त्यावर सोन्याची तार ठोकतात. गोंद नाही, डिंक नाही, तार त्या दातऱ्यांतच पकडली जाते. बिदरीमध्ये जस्त-तांब्याच्या मिश्रधातूत खोबणी कोरून चांदी ठोकून बसवतात आणि मग बिदरच्या किल्ल्यातली माती नवसागरात कालवून लावतात. मिश्रधातू काळाकुट्ट होतो, चांदी पांढरीच राहते. दोन्हीकडे गणित एकच, मऊ धातू ठोकला की पसरतो आणि खोबणीत घट्ट होतो.

टायटॅनियममध्ये लाकूड बसवताना ही सोय नाही. लाकूड ठोकलंत तर फुटेल. म्हणून आधी मुठीत उथळ खळगा मिल करतात, तेवढ्याच मापाचा लाकडाचा तुकडा करतात आणि चिकटवतात. वाचायला सोपं आहे. पण मिलिंगचा कटर गोल असतो, त्यामुळे खळग्याचा आतला कोपरा कधीच काटकोनी होत नाही, त्याला कटरच्या त्रिज्येची गोलाई येतेच. लाकडाच्या कोपऱ्याला बरोब्बर तीच गोलाई हवी. थोडी जास्त झाली तर फट, थोडी कमी झाली तर तुकडा आत जाणारच नाही. शिवाय टायटॅनियम हवेतला दमटपणा ओळखत नाही, लाकूड मात्र पावसाळ्यात फुगतं, हीटर लागला की आकसतं. आपल्या घराची दारं जुलैत अडकतात ना, तेच. म्हणून असलं गाठीचं लाकूड बहुधा निर्वातात ठेवून त्याच्या छिद्रांत रेझिन भरतात. मग ते जरा शांत होतं.

ह्यात सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे हस्तिदंत. हत्तीच्या दाताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९८९ मध्ये बंदी ठरली आणि चाकूवाले वळले मॅमथकडे. सैबेरिया-अलास्काच्या गोठलेल्या जमिनीतून निघणारे, दहा-दहा हजार वर्षं आणि त्याहून जुने सुळे. जमिनीतली खनिजं मुरून त्यांच्या सालीला निळा, हिरवा, तपकिरी असे रंग येतात. फोटोत बघितले तरी जीव जातो. पण इतकी वर्षं ओल्या बर्फात राहिलेली वस्तू सेंट्रल हीटिंगच्या घरात आली की चिरा पडायला लागतात. आणि ते हत्तीचं नाही कशावरून? सुळ्याच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा असतात. कडेजवळच्या रेषांमधला कोन मॅमथमध्ये ९० अंशांपेक्षा कमी, हत्तीत ११५ पेक्षा जास्त. चाकूतल्या पातळ पट्टीवर तो आडवा छेद दिसेलच असं नाही, म्हणजे शेवटी विकणाऱ्याच्या शब्दावर आलं. नेमक्या ह्याच पळवाटेमुळे कॅलिफोर्नियात २०१६ पासून मॅमथच्या दाताची विक्रीसुद्धा बंद आहे. लाकूडवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. कोकोबोलो २०१३ मध्ये साइट्सच्या यादीत गेलं आणि २०१७ च्या जानेवारीपासून डालबर्जियाच्या सगळ्याच जाती. आपला शिसव त्यातलाच.

तर, काही वर्षांपूर्वी एका एप्रिलात मी युजीनच्या चाकू-प्रदर्शनात गेलो होतो. टेबलांच्या रांगाच्या रांगा. तिथे निळ्या सालीच्या मॅमथचा एक घडीचा चाकू हातात घेतला. सुंदर होता, खोटं कशाला बोलू. टेबलामागच्या आजोबांनी लगेच एक मऊ कापड पुढे केलं, बोटांचे ठसे पुसायला. मी विचारलं, ह्याने काय कापलंय आजवर? ते हसले. काहीच नाही. त्यांच्या आधीच्या मालकानेही नाही. ह्या जमातीत अशा चाकवाला 'सेफ क्वीन' म्हणतात, तिजोरीतली राणी. मी चाकू परत ठेवला. पैसेही नव्हते म्हणा.

त्याच टेबलापाशी माझ्या खिशातला सेबेन्झा एका गृहस्थांनी बघितला. त्यांना माझ्या तुकड्यातली लाल रेघ फार आवडली. २१ चं उत्पादन तोवर थांबलं होतं, त्याच्या जागी ३१ आलं होतं. म्हणाले, विकायचा झाला तर मला सांग, पण असाच राहू दे, ओरखडा नको. किंमत सांगितली ती मी दिली होती त्यापेक्षा बरीच जास्त. मी म्हटलं, विचार करतो. घरी येऊन चाकू डबीत ठेवला. विचार खरंच चालू होता.

पुढच्या महिन्यात आई-बाबा आले. सहा महिन्यांचा मुक्काम. ज्यांचे आई-बाबा इथे येतात त्यांना माहीतच आहे. पहिला महिना कौतुकात जातो, दुसऱ्यात बाबांना करायला काही उरत नाही. आमचे बाबा भोसरीला एका कंपनीत टूलरूममध्ये होते. छत्तीस वर्षं. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. मी काय काम करतो हे त्यांना कधी नीट कळलं नाही आणि मलाही सांगता आलं नाही. "सर्व्हरवर असतं" ह्याच्या पुढे आमची गाडी जात नसे. तेही त्यांच्या कामाबद्दल घरी बोलत नसत. थकून यायचे, जेवायचे, झोपायचे.

एका शनिवारी मी टेबलावर चाकू साफ करत होतो. बाबा शेजारी येऊन बसले. आई किचनमधून म्हणाली, "ह्याच्याने कांदा तरी चिरता येतो का?" बाबांनी चाकू हातात घेतला. लाकडाचा रंग त्यांनी बघितलाच नाही. चष्मा कपाळावर सरकवला आणि अंगठ्याचं नख लाकडावरून टायटॅनियमवर नेलं. मग परत उलटं. मग चारही कोपऱ्यांवरून.

"नख अडकत नाहीये," ते म्हणाले.

एवढंच. पण छत्तीस वर्षं ज्याने मापं घेतली त्या माणसाचं हे सर्टिफिकेट होतं. डोळ्यांना न दिसणारी पायरी नखाला कळते. नंतर मी कित्येक महागड्या चाकवांवर हा प्रयोग केला आणि अर्ध्याअधिकांवर नख अडकलं.

"उघडतो का हा?" त्यांनी विचारलं. पातं नव्हे, सगळाच. मी कंपनीने दिलेल्या छोट्या ॲलन की काढल्या. हा चाकू घरी उघडून साफ करावा अशीच कंपनीची अपेक्षा असते. बाबांनी तो पाच मिनिटांत सुटा केला. पातं, दोन ब्राँझ वॉशर, एक बुश, स्क्रू, सगळं ओळीने पेपर नॅपकिनवर. जोडताना मी म्हटलं, "बाबा, तो मधला स्क्रू पूर्ण आवळायचा, तरी पातं सैल फिरतं." बाकीच्या बऱ्याच चाकवांत स्क्रू थोडा कमी-जास्त करून पातं जुळवावं लागतं. बाबा थांबले. बुश चिमटीत धरून उजेडात बघितला.

"म्हणजे मोकळीक ह्या बुशाच्या लांबीत आहे. वॉशर आणि पातं मिळून जेवढं होतं त्यापेक्षा हा केसभर लांब ग्राइंड केलाय. अरे, हे प्रत्येक पीसला जमवायचं म्हणजे खायचं काम नाही." आणि मग ते बोलायला लागले. एका गेजबद्दल, जो त्यांनी तीन वेळा रद्दीत टाकून चौथ्यांदा पास केला. एका साहेबाबद्दल, ज्याला मायक्रॉनमधला फरक कळत नसे. जवळजवळ दोन तास. मी बत्तीस वर्षांत त्यांच्याकडून हे ऐकलं नव्हतं. मीही मग माझं सांगितलं. आमच्याकडे दोन माणसांनी वेगवेगळ्या टोकांना लिहिलेला कोड कसा जोडावा लागतो, आणि नख अडकतं का हे बघणारी टेस्ट कशी लिहितात. त्यांना कळलं. म्हणजे सगळं नाही, पण कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा त्याच चाकवाने सफरचंद कापत होते.

आता इथे मला दोन गोष्टी माहीत होत्या. एक, युजीनच्या गृहस्थांना ओरखडा नको होता. दोन, टायटॅनियमच्या ह्या मॅट फिनिशवर खिशातल्या किल्ल्यांचा ओरखडासुद्धा गोगलगाय चालून गेल्यासारखा चमकतो आणि तो लपत नाही. मी काही बोललो नाही. पुढचे चार महिने चाकू बाबांच्या विजारीच्या खिशात होता. सफरचंदं, पीचेस, खोकी, अंगणातल्या टोमॅटोंना बांधायची सुतळी. रात्री धुऊन, पुसून, थेंबभर तेल. आईने एकदा कांदाही चिरून बघितला आणि नापास केला.

ते परत गेले तेव्हा मी म्हटलं, घेऊन जा, चेक-इन बॅगेत चालतो. म्हणाले, "नको. तिथे सुरी आहे. तू वापर, डबीत टाकू नकोस."

तुम्हाला असा चाकू घ्यायचा झाला तर माझ्या मते फोटो बघून घेऊ नका. हातात घ्या, जडावाच्या कडेवरून नख फिरवा, कोपरे उजेडाकडे धरून बघा. लाकूड कुठलं आणि दात असेल तर कुठला, हे लेखी मागा. डिशवॉशरमध्ये घालू नका, उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. आणि घेतल्यावर काहीतरी कापा. जडाव दागिन्यासारखा दिसतो म्हणून आपण त्याला दागिन्याच्या पेटीत टाकतो, पण ती नखभरही न अडकणारी कड ज्याने जमवली त्याने ती तळहातासाठी जमवली आहे. कपाटातल्या मखमलीला ती कड कळत नाही.

युजीनच्या गृहस्थांना मी नंतर फोन करून कळवलं की विकणार नाही, आणि आता तुम्हाला तो नकोही असेल. मुठीवर सहा-सात लांब ओरखडे आहेत. अंगठा टेकतो तिथलं लाकूड बाकीच्यापेक्षा जरा जास्त गुळगुळीत झालंय. मी चाकू धरला की माझा अंगठा त्याच्या थोडा खाली येतो. बाबांचा हात माझ्यापेक्षा मोठा आहे.