बर्फाखालचा थर



आम्हा उधन्यातल्या लोकांना बर्फ माहीत तो रसाच्या गाडीवरचा नाहीतर मासळी बाजारातला. तरी २०१६ च्या फेब्रुवारीत आमच्या प्रार्थनागटात आठवडाभर बर्फाचाच विषय होता. ३ फेब्रुवारीला सियाचीनमधल्या सोनम चौकीवर, सुमारे साडेएकोणीस हजार फुटांवर, बर्फाचा कडा कोसळला आणि १० जवान गाडले गेले. त्यांत सातारा जिल्ह्यातल्या मस्करवाडीचे सुनील सूर्यवंशीही होते. तुकडीतल्या आजारी-जखमींची शुश्रूषा हे त्यांचं काम. ८ तारखेच्या रात्री धारवाडकडचे लान्सनायक हनुमंतप्पा कोप्पड कित्येक फूट बर्फाखाली जिवंत सापडले. १० तारखेला राखेचा बुधवार होता. कपाळावर राख घेऊन आम्ही त्यांच्यासाठी गुडघे टेकले. दुसऱ्या दिवशी ते गेले.

आमच्यात एक काका आहेत, मूळचे धुळ्याकडचे, सैन्यातून निवृत्त झालेले. त्या संध्याकाळी ते म्हणाले, "तिथं भिंतच कोसळली, त्याला माणूस काय करणार? पण उतारावरचा बर्फ बऱ्याचदा आधी सांगतो. आपण विचारलं पाहिजे."

मग त्यांनी समजावलं. बर्फ एका दमात साचत नाही, थरावर थर बसतो. हिवाळ्याच्या सुरुवातीला पातळ बर्फ पडतो. खाली जमीन त्यामानाने उबदार, वर हवा कडाक्याची थंड. तळातल्या बर्फाचे दाणे साखरेसारखे मोठे आणि सुटे होतात. साखर कितीही दाबली तरी लाडू वळला जात नाही, तसाच तो थर धरत नाही. त्यावर नवा शुभ्र बर्फ पडतो आणि सगळं झाकलं जातं. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर मग एका माणसाचं वजनही पुरतं. हिमस्खलनात सापडणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत ते त्यांच्या स्वतःच्या किंवा सोबत्याच्या पावलानेच सुटलेलं असतं.

म्हणून जाणकार आधी खड्डा खणतात. थर उघडे करून कुठे मूठ रुतते, कुठे फक्त एक बोट, ते पाहतात. वरून घट्ट आणि खाली भुसभुशीत दिसलं की मागे फिरतात. जायचंच असेल तर एकेकाने पार होतात, बाकीचे त्याच्यावर नजर ठेवतात. कुणी गाडला गेलाच तर पहिली पंधरा मिनिटं मोलाची. बाहेरची मदत येईपर्यंत उशीर होतो, सोबत्यांनीच खणायचं असतं.

आम्ही माना डोलावल्या आणि घरी गेलो.

आमच्या गटातही असा एक थर होता. एका नाताळात गव्हाणीच्या सजावटीच्या हिशेबात अकराशे रुपये कमी आले. हिशेब ज्यांच्याकडे होता त्यांना कुणी विचारलं नाही. "जाऊ द्या, सणाचे दिवस आहेत," असं म्हणून आम्ही विषय मिटवला. मिटवला कसला, झाकला. वर्षानुवर्षं त्यावर केक, शुभेच्छा, हस्तांदोलनं पडत राहिली. मग एका सहलीत बसमधल्या जागेवरून बोलाचाली झाली आणि कुणीतरी म्हणालं, "हिशेबाचं तुम्ही तरी बोलू नका." ते मिस्साला यायचे थांबले. पुढे घर बंद करून नंदुरबारला गेले. आम्ही म्हणालो, राग ओसरू दे. दोन वर्षं गेली.

यंदाच्या प्रायश्चित्तकाळात काकांनीच विचारलं, "पंधरा मिनिटं कधीच संपली. आता तरी खणायचं की नाही?"

आम्ही चौघं सकाळच्या गाडीने नंदुरबारला गेलो. वहिनींनी चहा दिला. बराच वेळ कुणी बोलेना. मग आम्ही क्षमा मागितली. ते उठले आणि एक जुनी वही घेऊन आले. मंडपवाल्याची अकराशेची पावती तिच्यात टाचलेली होती. "कुणी विचारलंच नाही," एवढंच म्हणाले.

ते उधन्याला परत आलेले नाहीत. येतील असं म्हणालेही नाहीत. निघताना मात्र स्टेशनपर्यंत सोडायला आले.

ईयोबाला देवाने विचारलं होतं, हिमाची भांडारं तू पाहिलीस का? आम्ही ती पाहिलेली नाहीत. पण आपल्या मनातले थर पाहायला हिमालयात जावं लागत नाही. या आठवड्यात आपण प्रत्येकाने एक खड्डा खणूया.

हे प्रभू, आम्ही जे झाकलं ते उघडण्याचं धैर्य दे, आणि आमच्यामुळे जो गाडला गेला त्याच्याकडे आम्हाला वेळेत पाठव. आमेन.