मागचे दार

काकाला ताजमध्ये न्यावे, ही कल्पना माझी. काकाने ती मागितली नव्हती, किंबहुना ऐकल्यावर तो थोडा संकोचलाच होता. देवबागहून 1966 साली तो बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरला, लालबागेत गाववाल्यांच्या खोलीत वळकटी टाकली आणि पुढली तीस वर्षे फोर्टातल्या एका मोठ्या हॉटेलच्या भटारखान्यात मसालची म्हणून राबला. मसालची म्हणजे वाटण वाटणारा, भाजी-मासळी निवडणारा, पातेली घासणारा. त्याच्या मनीऑर्डरींवर आमच्या घरातली तीन मुले शिकली आणि त्यांतला एक मी, आज मराठीचा प्राध्यापक आहे. वर्गात ‘माझे विद्यापीठ’ शिकवताना कष्टकऱ्यांच्या मुंबईविषयी मी तासभर बोलू शकतो. पण काकाला त्याच्या मुंबईविषयी मी कधी पाच मिनिटेही विचारले नव्हते. ताजमधली संध्याकाळ ही त्याची एक प्रकारची भरपाई असावी, असे माझ्या मनात होते.

आत शिरता शिरताच काकाने विचारले, “मागला दार खंय आसा रे?”

मला हसू आले, कारण याच प्रश्नावर या हॉटेलची एक दंतकथा उभी आहे. इमारत चुकून उलटी बांधली गेली, तिची पाठ शहराकडे व्हायची ती समुद्राकडे झाली आणि त्या धक्क्याने वास्तुशिल्पज्ञाने जीव दिला, ही ती कथा. वस्तुतः तसे काही घडले नाही. जमशेदजी टाटांच्या या हॉटेलचे आराखडे रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचे. काम पुरे होण्याआधीच वैद्य वारले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ते तडीस नेले. 16 डिसेंबर 1903 रोजी हॉटेल सुरू झाले तेव्हा मूळ प्रवेश शहराच्या बाजूनेच योजलेला होता. समोर गेटवे ऑफ इंडिया नव्हता, तो 1924 सालचा. पुढे येण्याजाण्याची वाट समुद्राच्या बाजूला आली आणि जुन्या दर्शनी बाजूला पोहण्याचा तलाव झाला. म्हणजे या वास्तूत पुढचे मागे आणि मागचे पुढे खरोखरच झालेले आहे, फक्त ते चुकून झालेले नाही. हे सारे मी काकाला सांगितले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “ता ऱ्हवांदे. कामगार खंयसून येतत, ता सांग.”

ते मला ठाऊक नव्हते.

नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात घुमटाखालचे मजले जळताना आपण सर्वांनी दूरदर्शन संचावर पाहिले होते. 1973 सालचा मनोरा त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा सुरू झाला, परंतु जुनी इमारत उघडायला 15 ऑगस्ट 2010 उजाडला. आज तो अधांतरी वाटणारा भव्य जिना, त्याचे कठडे, वरचा घुमट पाहताना आगीची खूण शोधूनही सापडत नाही. जीर्णोद्धाराचे यश हेच आणि त्याची अडचणही हीच. जे घडले ते आता फक्त स्मारकावर वाचायचे. तिथे 31 नावे आहेत. पाहुण्यांची आहेत, तशी कर्मचाऱ्यांचीही. काका त्यांच्यापुढे बराच वेळ उभा राहिला आणि त्याने विचारले, “ह्येतूर भटारखान्यातले कितके?” आचारीही मारले गेले होते, एवढेच मी सांगू शकलो.

पहिल्या मजल्यावरच्या सी लाउंजमध्ये आम्ही खिडकीपाशी बसलो. समोर बंदर, नांगरलेल्या होड्या, संध्याकाळचे राखी पाणी. याच पाण्यावरून काका एकदा या शहरात आला होता, परंतु त्याने बाहेर फारसे पाहिले नाही. तो ताटल्या पाहत होता, बशीच्या कडेला टवका गेला आहे का ते बोटाने चाचपत होता. भेळ आली. एवढ्या थाटात भेळ मागवणे मला जरा विनोदी वाटत होते, काकाला नाही. दोन घास खाऊन तो म्हणाला, “चिचेचा पाणी ज्येनी केल्यान, तेचो हात बरो आसा.” मी चवीचे कौतुक केले असते, त्याने हाताचे केले.

रात्री गोल्डन ड्रॅगनमध्ये जेवलो. मुंबईला सिचुआन पद्धतीची गोडी लावणाऱ्या पहिल्या जागांपैकी ही एक. आले आणि सोया घालून वाफवलेला मासा आला. आमच्याकडे मासा म्हणजे तिरफळ, कोकम आणि ओल्या खोबऱ्याचे वाटण. इथे माशावर जवळजवळ काहीच नव्हते आणि म्हणून त्याचा ताजेपणा लपणार नव्हता. काकाने काटा बाजूला ठेवला, हाताने एक तुकडा मोडला आणि मान डोलावली.

जेवण संपले आणि ते घडले. काकाने ताटल्या एकावर एक रचायला सुरुवात केली. मोठी खाली, लहान वर, उरलेसुरले एका बशीत, चमचे एका दिशेने. तीस वर्षांची सवय. शेजारच्या मेजावरची नजर वळली आणि मी पुटपुटलो, “काका, राहू द्या. ते लोक करतील.”

एरवी मी काकाशी मालवणीत आणि एकेरीतच बोलतो. त्या क्षणी मात्र मी प्रमाण मराठीत शिरलो आणि त्याला ‘अहो’ केले. तो आदर नव्हता. मी त्याला हातभर दूर ढकलले होते.

काकाने रचणे थांबवले नाही. फक्त विचारले, “ते लोक म्हंजे कोण रे?”

वाढपी मुलगा आला. “राहू द्या आजोबा,” म्हणाला, पण रचलेली चळत त्याने जशीच्या तशी उचलली. तिच्यात त्याला काही बदलावे लागले नाही.

बाहेर पडल्यावर गेटवेकडे न जाता आम्ही इमारतीला वळसा घालून पाठीमागच्या रस्त्यावर गेलो. काकाचाच तसा आग्रह होता. तिथे दोनतीन मुले पाठीवर पिशव्या टाकून भराभर स्टेशनच्या दिशेने निघाली होती. ती याच हॉटेलातली होती की नाही, कोण जाणे. काका फुटपाथवर थांबून ती वळणाआड जाईपर्यंत पाहत राहिला.

“पाळी सुटली,” तो म्हणाला.

“काका, तू रातचो कितक्या वाजता सुटायस?” मी विचारले. लालबागला पोहोचेपर्यंत तो बोलत होता.