केबिन गेली, ऑफिस सुटसुटीत झालं!

महाड म्हटलं की आपल्याला रायगडाचा रोपवे आठवतो, नाहीतर १९२७ च्या सत्याग्रहाचं चवदार तळं. इंटिरिअर बघायला तिथे कोण जाणार? मी गेले. आणि खरं सांगते, मुंबईतल्या काचेच्या चकाचक ओपन प्लॅन ऑफिसांपेक्षा महाडच्या बाजारपेठेतला तो साडेतीनशे स्क्वेअर फुटांचा गाळा मला जास्त भावला.

माझा मावसभाऊ तिथे टॅक्सची कामं करतो. हाताखाली चौघं. पूर्वी त्याची प्लायवूडची केबिन होती, सनमायका लावलेली, फुल टू साहेबी थाट! २२ जुलै २०२१ च्या पुरात पाणी पंख्याला लागलं. प्लाय फुगला, कपाटांची दारं उघडेनात, फायलींचा लगदा झाला. त्याच दिवशी तालुक्यातल्या तळियेत दरड कोसळून ८० हून जास्त माणसं गेली, त्यामुळे फर्निचरचं रडगाणं तो गात नाही. पण केबिन त्याने पुन्हा बांधलीच नाही. म्हणजे इथला ओपन प्लॅन कुठल्या मॅगझिनमधून आलेला नाही, सावित्री नदीने आणलाय.

आता सगळं उचलता येईल असं. घडीची लोखंडी टेबलं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, खाली कोटा लादी. प्लग पॉइंट खांद्याच्या उंचीवर, म्हणून वायरी भिंतीवरून लोंबतात, दिसायला वाईटच. फायली झाकणाच्या क्रेटमध्ये, आणि एका माणसाला जिना चढून नेता येईल एवढंच वजन भरायचं, हा नियम. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे एक मांडणी कायमची रिकामी ठेवलीय.

दाराजवळची जागा पोलादपूरहून एसटीने येणाऱ्या मुलीची. सावित्री महाबळेश्वरहून उतरते ती आधी पोलादपूरला, मग महाडला. पाऊस लागून राहिला की ती घरी फोन करते, नदी कुठवर आलीय विचारते. त्यात खाडीला भरती असेल तर महाडचं पाणी ओसरायचं नाव घेत नाही. "अगं, हिचा चेहरा बघूनच आम्ही क्रेट उचलतो," दादा म्हणाला.

एक अडचण मात्र सुटलेली नाही. चार जणांसमोर उधारी, कर्ज, भावकीचे वाटे कोण बोलणार? क्लायंटचा आवाज आपोआप खाली जातो. दादाने पडदा लावून पाहिला, उपयोग शून्य. स्टाफने हेडफोन लावावेत, हा मुंबईछाप फंडा मी सुचवला, तर सगळे हसले. आता नाजूक विषय निघाला की दादा क्लायंटला बाहेरच्या ओट्यावर नेतो. पावसाळ्यात छत्री धरून.