सूर धरणारा

पोळ्याच्या दुपारी आखरावर पऱ्हाटीचा जाळ व्हायचा आणि त्यावर डफडी शेकायला निघायची. पावसाळी हवेनं सैल पडलेलं कातडं तापलं की बोट लावताच बोलायचं. तोरणाखाली बैलजोड्या, झडत्यांच्या गाण्यांना चढलेला रंग आणि एका बाजूला दोन सनया. एक गाणं वाजवी. दुसरीवर एक म्हातारा एकच सूर धरून बसे. गाल टम्म फुगलेले. नाकानं श्वास आत, तोंडातली हवा बाहेर. म्हणून सूर तुटत नसे. मी एकदा विचारलं, "आबा, तुम्ही गाणं काऊन नाई वाजवत?" तो हसला. "सूर सुटला तं गाणं उघडं पडते, बाबू."

पुढं कितीतरी वर्षांनी, २९ जानेवारीला टीव्हीवर बीटिंग रिट्रीट पाहताना आबा आठवला. विजय चौकात सैन्याचा पाइप बँड येत होता. इंग्रजी अमदानीत स्कॉटिश पलटणींकडून आपल्याकडे आलेलं बॅगपाइप हे वाद्य. काखेत हवेची पिशवी, बोटांखाली नऊ सुरांची नळी, खांद्यावर तीन उभे नळे. वादक दम घेतो तेव्हा काखेतली पिशवी दाबतो आणि ते तीन नळे आपला एकच सूर सोडत नाहीत. आबाचे गालच जणू काखेत आले होते.

स्कॉटलंडात असे बँड गावोगावचे. मास्तर, सुतार, शाळकरी पोरं एका रांगेत वाजवतात. नवशिक्याला आधी पिशवी देत नाहीत, नुसत्या नळीवर बोटं बसवून घेतात. गावचा उत्सव असो की नोव्हेंबरातलं युद्धस्मृतीचं संचलन, पुढं बँड हवाच. ऑगस्टात, आपल्याकडे पोळ्याचे दिवस जवळ येतात तेव्हा, ग्लासगोच्या मैदानावर त्यांच्या जागतिक स्पर्धा भरतात.

आमच्याकडे वाजवणं ठरावीक घरांच्या माथी मारलेलं. सनईशिवाय लग्न लागायचं नाही, पण सनईवाल्याची पंगत शेवटची. बिदागीसुद्धा वरूनच हातावर टाकायची. त्या घरांतल्या पोरांनी सनई खुंटीला टांगून पुस्तकं हाती घेतली. बरंच केलं. डीजे आला तेव्हा जुनं वाजवणं गेलं म्हणून गाव हळहळलं. सनई शिकायला मात्र कुणी पुढं झालं नाही. मीही नाही.

मागच्या पोळ्याला डीजेचा जनरेटर मध्येच बंद पडला. कुणीतरी झडती म्हटली, महादेवाचा गजर झाला आणि मग नुसत्या घुंगुरमाळा वाजत राहिल्या. मी गर्दीच्या मागं सरकलो. गाल फुगवले, नाकानं श्वास ओढून पाहिला.

दहा मोजायच्या आत सुटला.